खोट्या विमानाचा खरेपणा

खेळ म्हटला कीं तो लुटुपुटूचाच असावयाचा; त्यांत खऱ्याखोट्याची चर्चा करणें म्हणजे बाहुलीच्या लग्नांत मानपानावरून रुसण्यासारखें आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी हल्लीं ज्या खेळांत रमलेले दिसतात, त्यास ही समजूत लागू पडत नाहीं, असें आमचें मत आहे. आणि तें विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडावें, एवढ्याकरितां हा लेख लिहीत आहों.

घुग्घुस हें कोळशाचें, सिमेंटचें व लोखंडाचें गांव. येथील माणसाची नजर बहुधा जमिनीकडे असते, कारण त्याची भाकर जमिनीखालून येते. चंद्रपूरजवळ मोरवा येथें एक धावपट्टी आहे, नागपुराकडे जाणारें एखादें विमान उंचावर रेघ ओढून जातें, याहून अधिक विमानाशीं आमचा संबंध नाहीं. तथापि आतां विमान संगणकाच्या वाटेनें थेट घरांत शिरलें आहे. खाणींत काम करणाऱ्या एका पालकांनीं मध्यंतरीं आम्हांस विचारलें, "सर, आमचा पोट्टा रातभर इमान उडवते, याचा कांहीं फायदा हाये का?" प्रश्न सरळ होता, आणि त्याचें उत्तर एका शब्दांत देण्याजोगें नव्हतें.

प्रथम हा खेळ काय आहे, हें ज्यांनीं तो पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे. ईगल डायनॅमिक्स नांवाची एक कंपनी 'डीसीएस वर्ल्ड' या नांवाचें आभासी उड्डाणाचें साधन तयार करिते. मूळ साधन फुकट मिळतें. त्यांत उडविण्याचें एकेक लढाऊ विमान मात्र वेगळें विकत घ्यावें लागतें, व त्याची किंमत कित्येक हजार रुपये असते. अशा एका विमानास 'मॉड्यूल' म्हणतात. चांगल्या मॉड्यूलमध्यें विमानाच्या कक्षांतील जवळजवळ प्रत्येक कळ, दिवा व काटा आपापलें काम करितो. विमान सुरू करावयाचें तरी विजेची कळ, इंधनाचा पंप, इंजिनाची चावी असा खऱ्या वैमानिकाचाच क्रम पाळावा लागतो. हें केवळ मुलांचें खेळणें आहे असेंही नाहीं. याच कंपनीनें अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्ड या दलासाठीं ए-१० विमानाचें शिकवणीचें साधन बनविलें होतें, व त्यावरूनच २०११ सालीं लोकांसाठीं ए-१०सी हें मॉड्यूल निघालें.

महाराष्ट्रीय विद्यार्थ्यास विशेष जवळचें वाटावें असें मॉड्यूल म्हणजे २०१४ सालीं निघालेलें मिग-२१ बिस. नाशिकजवळ ओझर येथें हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा कारखाना १९६४ सालीं निघाला तो मिग विमानांसाठींच, आणि या बिस जातीचीं कित्येक विमानें तेथें मराठी कामगारांच्या हातांनीं बांधलीं गेलीं. परदेशांतील कारागिरांनीं पडद्यावर उभें केलेलें हें विमान आपल्या वायुसेनेच्या इतिहासाचें एक पान आहे. तें खरें उतरलें आहे कीं नाहीं, हें विचारण्याचा अधिकार आमच्या मुलांस इतरांहून थोडा अधिकच आहे.

आतां 'खरें' म्हणजे काय? नवशिक्या मुलास विचारलें तर तो चित्राकडे बोट दाखवील. ढग किती सुंदर, पंख्यावरचा रंग कसा उडालेला, कांचेवर ऊन कसें चमकतें! हें सर्व चांगलेंच आहे; परंतु विमानाचें चित्र व विमानाचें वागणें यांत फार अंतर आहे. एक उदाहरण देतों. मिग-२१ चे पंख लहान व त्रिकोणी आहेत. त्यामुळें तें वेगानें उडण्यांत पटाईत, पण उतरतांना आडमुठें. धावपट्टीकडे तें ताशीं सुमारें ३०० किलोमीटर वेगानें येतें. हा वेग थोडा तरी कमी व्हावा म्हणून बिस जातींत अशी योजना आहे कीं, इंजिनांतील दाबाची हवा काढून ती पंखांच्या मागच्या फ्लॅपवरून झोतासारखी सोडावी. या झोतामुळें पंखांची उचलण्याची शक्ति वाढते. परंतु हवा येते इंजिनांतून. म्हणून उतरतां उतरतां वैमानिकानें घाईनें इंजिनाची गति अगदीं खालीं आणली, तर झोत मंदावतो, पंखांचा आधार सुटतो, आणि विमान दगडासारखें खालीं बसतें. ज्या मॉड्यूलमध्यें ही गोष्ट बरोबर उतरली असेल त्यांत मुलगा पहिल्या १० उड्डाणांत १० वेळां आपटेल व चिडेल. ज्यांत ती उतरली नसेल त्यांत तो दुसऱ्याच दिवशीं मिशांवर पीळ देऊं लागेल. दुसऱ्या मॉड्यूलचे ढग कितीही सुंदर असले तरी तें खोटें आहे.

असल्या खोटेपणास संगणकाच्या भाषेंत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. १९४७ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्रचंड गणनयंत्रांत खरोखरच एक पतंग अडकलेला सांपडला, व तेथील लोकांनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेविला. हा शब्द त्याच्याही आधीं प्रचारांत होता. आम्हांस त्या हकीकतींत किड्यापेक्षां नोंदवहीचें कौतुक अधिक वाटतें. पुरावा हातीं होता, तो त्यांनीं वहींत लावला.

बग शोधणें म्हणजे तक्रार करणें, असा मुलांचा समज दिसतो. "विमान नीट उडत नाहीं, लवकर दुरुस्त करा," असें लिहून पाठविणारे हजारों असतात. त्यांचा कारागिरास कवडीचा उपयोग नाहीं. उपयोगी पडणारी नोंद कशी असते, याचा एक नमुना आम्हीच रचून देतों: "इंधन निम्में. पंखांखालीं शस्त्र नाहीं. वारा नाहीं. फ्लॅप पूर्ण उघडे, हवेच्या झोताची कळ चालू. जमिनीपासून सुमारें ५० मीटरांवर इंजिनाची गति एकदम कमी केली. पुस्तकाप्रमाणें विमान झपाट्यानें खालीं यावयास हवें होतें. प्रत्यक्षांत तें तरंगत राहिलें. ५ वेळां केलें, ५ही वेळां असेंच घडलें. फ्लॅप मिटून केलें तेव्हां घडलें नाहीं." या खेळांत केलेल्या उड्डाणाची नोंद आपोआप साठविली जाते व ती फाइल पुन्हां चालवून पाहतां येते; कारागीर ती फाइल मागतात, आणि ती लहान असावी अशी त्यांची विनंति असते. तासाभराच्या उड्डाणांत शेवटच्या मिनिटास घडलेली चूक पाहण्यास कोणास वेळ आहे? चूक दाखविण्यास जितकें लागेल तितकेंच उड्डाण करावें. आमच्या प्रयोगशाळेच्या वहींत कृति, निरीक्षण व अनुमान असे तीन रकाने मुलें कपाळाला आंठ्या घालून भरतात. घरीं मात्र तींच मुलें तेच तीन रकाने मध्यरात्रीं आवडीनें भरूं शकतात, हें आम्हांस त्या पालकांना सांगावयाचें होतें.

अर्थात् अशी नोंद करण्यापूर्वीं मुलानें आधीं स्वतःच्या हातावर संशय घेतला पाहिजे. जें आपणांस जमत नाहीं त्यास बग म्हणण्याची संवय वाईट. पुस्तिका शेंकडो पानांची असते. ती न वाचतां 'रडार चालत नाहीं' असें ओरडणारा आणि रडार तापण्यास लागणारी मिनिटें न थांबणारा, हे बहुधा एकच गृहस्थ असतात.

परंतु परीक्षकाची खरी कसोटी आणखी पुढें आहे. आमच्या गांवांत काटा म्हणजे काय, हें शाळेंत न गेलेल्यासही ठाऊक आहे. ट्रक रिकामा असतां एकदां काट्यावर चढतो, कोळसा भरल्यावर पुन्हां चढतो, व दोहोंच्या वजाबाकीवर पैशाचा हिशेब होतो. हा काटा आपल्याविरुद्ध २० किलो खोटें बोलला तर चालक, मालक व मुनीम तिघेही धांवत येतात. तोच काटा आपल्या बाजूनें २०० किलो खोटें बोलला, तर कोणाच्या पायांस धांवण्याची घाई होत नाहीं. विमानाच्या खेळांतही नेमकें हेंच घडतें. आपलें क्षेपणास्त्र चुकलें तर दहा नोंदी होतात. आपलें क्षेपणास्त्र अशक्य कोनांतून जाऊनही लागलें, किंवा शत्रूचें विमान आपणांस पाहूनही न पाहिल्यासारखें करीत राहिलें, तर ती चूक महिनोन्महिने कोणाच्या तोंडून बाहेर पडत नाहीं. उलट कारागिरानें ती काढून टाकली कीं 'विमान बिघडविलें' म्हणून ओरड होते! आपल्या सोयीची चूक जो मुलगा आपण होऊन कळवितो, तो आमच्या मतें या खेळांतील पहिल्या प्रतीचा वैमानिक आहे, मग त्यानें एकही लढत जिंकली नसली तरी चालेल.

येथें कोणी म्हणेल कीं खेळांतल्या चुकीनें कोणाचें काय बिघडतें? पडद्यावरचें विमान पडलें तर एक कळ दाबावी कीं नवें विमान तयार. एका मुलाच्या खोलीपुरतें हें खरें आहे. परंतु ज्या विद्येचें हें लहान रूप आहे, त्या विद्येंत खोट्या विमानाच्या चुकीची किंमत खऱ्या माणसांनीं मोजलेली आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कहून निघालेलें अमेरिकन एअरलाइन्सचें एअरबस ए-३०० विमान काहीं मिनिटांतच शहराच्या वस्तीवर कोसळलें. विमानांतील २६० व जमिनीवरील ५ असे २६५ जीव गेले. पुढें गेलेल्या मोठ्या विमानाच्या मागें हवेचे भोवरे उठलेले होते; त्यांतून जातांना सहवैमानिकानें सुकाणूचे पायटे जोरजोरानें डावे-उजवे दाबले, व त्या ताणानें शेपटीचा उभा पंखा तुटून गेला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानें २००४ सालीं जो निर्णय दिला त्यांत त्या कंपनीच्या शिकवणीवरही ठपका होता. सिम्युलेटरवरील एका पाठांत भोवऱ्याचा परिणाम वास्तवाहून फार भयंकर दाखविला जात असे, आणि विमान हातांतील दांड्यास क्षणभर दाद देत नाहीं असाही देखावा केला जाई. अशा पाठानें वैमानिकांस नको तितक्या जोरानें सुकाणू वापरण्याची संवय लागण्यास हातभार लागला, असें मंडळाचें म्हणणें. तो पाठ अनेकांनीं केला असेल. 'खरें विमान असें वागत नाहीं' हें वाक्य वेळेवर, पुराव्यासह व ऐकून घेणाऱ्याच्या कानीं पडणें किती मोलाचें होतें, हें यावरून कळावें. बोइंग ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत २०१८ व २०१९ या सालीं मिळून ३४६ माणसें गेलीं. त्यानंतर मे २०१९ मध्यें त्या कंपनीसही कबूल करावें लागलें कीं, आपल्या सिम्युलेटरची आज्ञावली उड्डाणाच्या कांहीं अवस्था हुबेहूब उभ्या करूं शकत नव्हती.

त्याच २००१ सालची गोष्ट आपल्या घरची आहे. १७ सप्टेंबर रोजीं राजस्थानांतील सुरतगड येथून रात्रीं उडालेलें मिग-२१ विमान कोसळून पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मृत्यु पावले. वैमानिकास दिशाभ्रम झाला, असें चौकशीनें ठरविलें. तें त्यांच्या मातापित्यांस मान्य झालें नाहीं. श्रीमती कविता गाडगीळ यांनीं हवाई सुरक्षिततेसाठीं चळवळ उभारली. वडील अनिल गाडगीळ हे स्वतः वैमानिक. त्यांनीं मुलाच्या स्मरणार्थ पुण्यांत 'जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट' ही संस्था काढली, व जमिनीवरच्या आभासी विमानांतून तरुणांस शिकविण्याचें काम हातीं घेतलें. मुलाच्या चितेपासून घरीं परतलेला बाप खोटें विमान उभें करण्यास बसतो, तेव्हां तें शक्य तितकें खरें व्हावें म्हणून तो किती जिवापाड झटत असेल, याची कल्पना प्रत्येक पालकास करितां येईल.

त्या काळीं आपल्या वायुसेनेचे शिकाऊ वैमानिक किरणसारख्या संथ विमानावरून एकदम मिग-२१ सारख्या तापट विमानावर चढविले जात. मधली पायरी हवी, असें १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच सांगितलें गेलें होतें. हॉक विमानांचा करार २००४ सालीं झाला, व आपल्या शेजारच्या बीदर येथें तीं २००८ च्या फेब्रुवारींत वायुसेनेंत दाखल झालीं. मधल्या वर्षांत किती घरांत काळोख झाला, हें आम्ही येथें मोजीत बसत नाहीं. ज्या उतरण्याच्या चुकीबद्दल आमचा विद्यार्थी पडद्यावर हंसून पुन्हां कळ दाबतो, ती चूक करणारा मुलगा त्याच्याहून फार तर सहासात वर्षांनीं मोठा असे, एवढें मात्र त्यानें ध्यानांत ठेवावें.

आणि म्हणूनच या खेळाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. घरची खुर्ची हलत नाहीं. रात्रीं क्षितिज दिसत नसतां विमान वेगानें पुढें झेपावलें कीं कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय फसतें, व नाक वर चालल्याचा भास होतो. घाबरून वैमानिक तें खालीं दाबतो. हा भास पडद्यावर उभा करितां येत नाहीं. वळणांत अंगावर पांचसहा पट भार पडून डोळ्यांपुढें अंधेरी येते. तेथें पडदा काळा होतो, पण पाहणाऱ्याचें रक्त जागच्या जागींच असतें. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे भीति. कितीही बग काढले तरी हा फरक निघावयाचा नाहीं, व निघावा अशी इच्छाही कोणी करूं नये.

युद्धाच्या खेळाविषयीं आमचें मत कांहीं पालकांस ठाऊक आहे; माणूस मारण्याच्या करमणुकीचे आम्ही भोक्ते नाहीं. परंतु दर दोन मिनिटांनीं शत्रू उडवून देणाऱ्या स्वस्त खेळांपेक्षां, ज्यांत तासभर कळा दाबून, नकाशा पाहून, इंधनाचा हिशेब करून शेवटीं एखादेंच अस्त्र सुटतें, तो खेळ आम्हांस कमी घातक वाटतो. रात्रीच्या जागरणाचा प्रश्न वेगळा आहे. १० वाजतां संगणक बंद झाला पाहिजे, यावर आमचा व पालकांचा मतभेद नाहीं.

पैशाविषयींही दोन शब्द. हल्लीं अपुरें मॉड्यूल आधीं विकावयाचें व मग गिऱ्हाइकांकडूनच चुका शोधून घ्यावयाच्या, अशी रीत पडली आहे. 'हें अपुरें आहे' असें स्पष्ट सांगून विकलें तर तींत फसवणूक नाहीं. पण पुरें कधीं होईल याची हमी नसते. एफ-१५ई विमानाचें मॉड्यूल करणारी रॅझबॅम ही संस्था व ईगल डायनॅमिक्स यांच्यांत पैशावरून तंटा होऊन २०२४ सालीं त्याचें काम थांबलें, आणि मध्यें गिऱ्हाईक सांपडलें. बापाच्या घामाचे पैसे मागण्यापूर्वीं मुलानें एवढी चौकशी करावी.

मुलांचा आणखी एक प्रश्न असतो: आपलें सुखोई-३० एमकेआय ओझरलाच बांधलें जातें, मग तें या खेळांत पूर्ण खऱ्या स्वरूपांत कां नाहीं? कारण त्याचें रडार, त्याचीं अस्त्रें, त्याची खरी शक्ति हीं राष्ट्राचीं गुपितें आहेत. खरेपणाची हांव येथें थांबलीच पाहिजे. ईगल डायनॅमिक्सच्याच एका नोकरानें एफ-१६ विमानाच्या पुस्तिका अमेरिकेंतून बेकायदा बाहेर नेण्याचा उद्योग केला, व २०१९ सालीं त्यास तेथील न्यायालयांत गुन्हा कबूल करावा लागला. 'वॉर थंडर' नांवाच्या दुसऱ्या एका खेळांत, आपलेंच म्हणणें खरें हें दाखविण्यासाठीं २०२१ सालीं खेळाडूंनीं रणगाड्यांचे गुप्त कागद चव्हाट्यावर मांडले. ज्या विमानाची माहिती मिळण्याजोगी नाहीं त्याचें मॉड्यूल न करणारा कारागीर आम्हांस अंदाजानें आंकडे भरणाऱ्यापेक्षां अधिक प्रामाणिक वाटतो.

मिग-२१ ची गोष्ट मात्र आतां निराळी झाली आहे. १९६३ सालीं आलेल्या या विमानास २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदिगड येथें वायुसेनेनें निरोप दिला. पडद्यावरचें विमान खऱ्याशीं ताडून पाहण्याची संधि यापुढें आपल्या आकाशांत मिळणार नाहीं. पुस्तिका राहतील, पण झोत मंदावतांना आवाज कसा बदले, थंडीच्या पहांटे इंजिन किती कुरकुर करी, कोणती कळ नेहमीं अडे, हें पुस्तिकेंत लिहिलेलें नसतें. तें ज्यांस ठाऊक आहे ते लोक आतां निवृत्त होऊन नाशकांत, पुण्यांत, नागपुरांत घरीं बसले आहेत. नागपूर तर वायुसेनेच्या देखभाल विभागाचें मुख्य ठाणें. विदर्भांतील कित्येक घरांत असा एखादा मिस्त्री, एखादा सार्जंट असेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्या कोणाचे आजोबा, मामा वा शेजारी या विमानाजवळ राबले असतील, त्यानें दिवाळीच्या सुटींत त्यांच्यापुढें संगणक मांडून तें विमान सुरू करून दाखवावें, व "आजोबा, यांत काय चुकलें आहे?" एवढेंच विचारावें. ते जें बोट ठेवतील तें तारखेसह लिहून घ्यावें; त्यांनीं सांगितलेल्या शब्दांत, स्वतःची भर न घालतां. गुप्त वाटेल तें त्यांनीं सांगूं नये व मुलानें विचारूं नये. वही शाळेकडून मिळेल.